एम.एस्सी. लॅब प्रबंध: विषयापासून व्हायवापर्यंत, नागपूरच्या उन्हासकट

विषय शोधायला गूगलवर बसण्याआधी आपल्या लॅबचं गेल्या वर्षभराचं रजिस्टर उघडा. एलआयएस (लॅबची संगणकातली नोंद) असेल तर आणखी सोपं. कोणती तपासणी महिन्याला किती होते आणि त्यातल्या किती पॉझिटिव्ह येतात, हे दोन आकडे कागदावर उतरले की मनातले निम्मे विषय तिथंच गळतात. महिन्याला चार रुग्ण येणाऱ्या आजारावर सहा महिन्यांत प्रबंध होत नाही, गाईड कितीही मोठे असोत.

हा लेख मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी, क्लिनिकल बायोकेमिस्ट्री, हिमॅटॉलॉजी अशा विषयांत एम.एस्सी. करणाऱ्या आणि पहिल्यांदाच प्रबंधाला हात घालणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण मुख्यतः सिकलसेलचं (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक रक्तविकार) घेतलं आहे. विदर्भात त्याचे रुग्ण भरपूर, आणि एकाच उदाहरणावर जवळजवळ सगळे टप्पे दाखवता येतात.

सगळ्यात आधी एक किरकोळ वाटणारं काम उरका. तुमचा अभ्यासक्रम नागपूर विद्यापीठाचा आहे की नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा की आणखी कुठला, त्याप्रमाणे सिनॉप्सिसची (प्रबंधाआधी द्यायच्या आराखड्याची) मुदत, नमुना आणि पानांची मर्यादा बदलते. सिनियरचा जुना प्रबंध समोर ठेवून फॉरमॅट उचलू नका. तुमच्या बॅचला लागू असलेलं परिपत्रक विभागाच्या ऑफिसातून मागून घ्या.

प्रश्न लहान करा

“मधुमेही रुग्णांमधील व्हिटॅमिन डी, मॅग्नेशियम, लिपिड प्रोफाइल आणि एचबीए१सी यांचा अभ्यास” असे विषय दरवर्षी येतात. यात प्रश्नच नाही, नुसती तपासण्यांची यादी आहे. चार तपासण्यांचे चार किट, चार लॉट (किटच्या बॅच), चार कंट्रोल (उत्तर आधी माहीत असलेले नमुने), आणि शेवटी “संबंध आढळला” एवढंच हाती येतं.

आता हा प्रश्न बघा: “सिकलसेलच्या शंकेने आमच्या लॅबकडे पाठवलेल्या, सहा महिन्यांवरील वयाच्या रुग्णांमध्ये, एचपीएलसीच्या तुलनेत सॉल्युबिलिटी टेस्टची सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी किती?” (सॉल्युबिलिटी म्हणजे रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन एस आहे का हे गढूळपणावरून सांगणारी चाचणी; एचपीएलसी म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी यंत्र-तपासणी; सेन्सिटिव्हिटी म्हणजे असलेल्यांपैकी किती पकडले, स्पेसिफिसिटी म्हणजे नसलेल्यांपैकी किती बरोबर निगेटिव्ह आले.) यात रुग्ण कोण, कोणती चाचणी, कशाशी तुलना आणि कोणता आकडा काढायचा, हे चारही एका वाक्यात आलं. असं वाक्य लिहिता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

यावर परीक्षक हमखास विचारतील की यात नवीन काय. सॉल्युबिलिटी टेस्ट जुनी आहे. मध्य भारतातल्या सिकलसेल ट्रेटवरचा (वाहक असण्यावरचा) शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध लॅन्सेटमध्ये १९५८ सालीच आला. मग नवेपणा छोट्या, स्थानिक अडचणीतून काढायचा. या चाचणीचा जीव सोडियम डायथायोनाइटमध्ये आहे. ते हवेने, ओलाव्याने आणि उष्णतेने खराब होतं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं आणि गावपातळीवर मोठ्या प्रमाणावर स्क्रीनिंग होऊ लागलं. तेव्हा तयार रिएजंट (चाचणीचं द्रावण) फ्रीजमध्ये आणि खोलीत ठेवून, माहीत असलेल्या त्याच एएस (वाहक), एसएस (सिकलसेलचे रुग्ण) आणि नॉर्मल नमुन्यांवर ०, ३, ७ आणि १४ व्या दिवशी तपासून बघा. नवे रुग्ण जवळजवळ लागत नाहीत, खर्च थोडा, आणि उत्तर नागपूरच्या मे महिन्यात खरोखर उपयोगी पडणारं. आमच्या मते असा जोडप्रश्न पाच नव्या मार्करांपेक्षा (रक्तात मोजायच्या घटकांपेक्षा) सरस. फक्त एक भान ठेवा: नमुन्याचं रक्तही जुनं होत जातं. म्हणून त्या-त्या दिवशी ताजं बनवलेलं रिएजंट शेजारी लावायचं, नाहीतर बिघाड रक्ताचा की रिएजंटचा हे कळणारच नाही.

नमुने किती

“सरांनी १०० सांगितले” हे व्हायवात (तोंडी परीक्षेत) चालत नाही. सेन्सिटिव्हिटी काढायची असेल तर हिशेब असा: ३.८४ × सेन्सिटिव्हिटी × (१ − सेन्सिटिव्हिटी) ÷ चुकीसाठी ठेवलेल्या मर्यादेचा वर्ग. सेन्सिटिव्हिटी ९५ टक्के अपेक्षित धरली आणि ±५ टक्के मर्यादा ठेवली, तर ३.८४ × ०.९५ × ०.०५ ÷ ०.००२५ = ७३. हे ७३ म्हणजे एकूण रुग्ण नव्हेत, हिमोग्लोबिन एस असलेले रुग्ण. इथेच बहुतेक जण फसतात. तुमच्याकडे पाठवलेल्यांपैकी २० टक्के पॉझिटिव्ह येत असतील तर एकूण ३६५ तपासावे लागतील. १० टक्केच येत असतील तर ७३०.

रजिस्टर पाहायला सांगितलं ते याचसाठी. आकडा झेपत नसेल तर मर्यादा ±७ टक्के करा, म्हणजे ३८ पॉझिटिव्ह पुरतात आणि २० टक्क्यांच्या हिशेबाने १९० नमुन्यांत काम होतं. पण हे सिनॉप्सिसमध्येच लिहा. नमुने कमी पडल्यावर मर्यादा सैल केली की ती लगेच उघडी पडते.

प्रमाण काढायचं असेल (किती टक्के लोकांत अमुक आढळतं), तर ३.८४ × प्रमाण × (१ − प्रमाण) ÷ मर्यादेचा वर्ग. काहीच माहीत नसताना ५० टक्के धरून ±५ ला ३८४ येतात. सगळ्या प्रबंधांत दिसणारा ३८४-३८५ हा आकडा इथून येतो, आणि तो तुलनेच्या अभ्यासाला उगाच चिकटवलेलाही दिसतो. दोन यंत्रांची किंवा पद्धतींची तुलना असेल तर किमान ४० रुग्ण-नमुने, आणि ते कमी, मध्यम, जास्त अशा सगळ्या पट्ट्यांत पसरलेले हवेत. चाळीसही नॉर्मल घेतले तर तुलना झालीच नाही.

इलायझा (९६ खाचांच्या प्लेटवर होणारी चाचणी) असेल तर नमुन्यांची संख्या प्लेटवरून ठरवा. ९६ खाचा, सात स्टँडर्ड आणि एक ब्लँक जोडीने म्हणजे १६ गेल्या, दोन कंट्रोल जोडीने ४ गेल्या. उरल्या ७६, म्हणजे जोडीने ३८ नमुने. दोन किटमध्ये ७६ रुग्ण बसतात. ८० ठरवले तर चार जणांसाठी तिसरं किट घ्यावं लागेल. सगळी किटं एकाच लॉटची, एकदमच मागवा, आणि एक्स्पायरी नमुने पूर्ण होण्याच्या तारखेपुढची आहे ना ते ऑर्डर देतानाच विचारा.

एथिक्स कमिटी

मंजुरीआधी घेतलेला एकही नमुना प्रबंधात वापरता येत नाही. मागच्या तारखेची मंजुरी नसते. कमिटीची बैठक ठरावीक काळानेच होते, त्यामुळे एक बैठक हुकली तर महिना-दोन महिने गेले असं समजा. बैठकीची तारीख आणि कागद देण्याची शेवटची तारीख, दोन्ही मेंबर सेक्रेटरींच्या ऑफिसातून लिहून आणा.

द्यायचे कागद: प्रोटोकॉल, प्रोफॉर्मा, माहितीपत्रक आणि संमतीपत्र (मराठी, हिंदी, इंग्रजी), विभागप्रमुखांचं पत्र, गाईडचा बायोडेटा, खर्च कुठून होणार त्याचा तपशील. दोन संस्थांत नमुने घ्यायचे असतील, म्हणजे समजा नागपूरच्या मेयो रुग्णालयातून रक्त आणि मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) एचपीएलसी, तर दोन्हीकडची परवानगी लागेल का ते आधी विचारा. हा प्रश्न न विचारल्यामुळे अडकलेली कामं पुष्कळ.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा. ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्यांची लेखी संमती लागते, शिवाय पालकांची. सही न येणाऱ्यांचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा; तुमचा बॅचमेट चालत नाही. नेहमीच्या तपासणीनंतर उरलेलं रक्त वापरायचं असेल तर संमतीतून सूट मागता येते, पण ती द्यायची की नाही हे कमिटी ठरवते.

कागद परत येतो तो बहुधा संमतीपत्रावरून. “सदर संशोधन प्रकल्पात आपला सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून” असली सरकारी भाषा गडचिरोली-भंडाऱ्याहून आलेल्या आजींना वाचून दाखवून उपयोग नाही. असं लिहा:

“तुमच्या तपासणीसाठी रक्त घेतोच आहोत, त्याच वेळी २ मिली रक्त जास्त घेऊ. हे चहाच्या अर्ध्या चमच्याहून कमी आहे. सुई पुन्हा टोचणार नाही. या तपासणीचे पैसे तुम्हाला द्यावे लागणार नाहीत. नाही म्हटलंत तरी इथले उपचार तसेच चालू राहतील. तुमचं नाव कुठेही छापलं जाणार नाही.”

रक्त किती, पुन्हा टोचणार का, पैसे कोण देणार, नाही म्हटलं तर काय: ही चार उत्तरं नसतील तर कमिटी विचारणारच. सिकलसेलच्या बाबतीत पाचवंही हवं. रिपोर्ट कुणाच्या हातात देणार? एखादी मुलगी वाहक असल्याचं नातेवाइकांसमोर मोठ्यानं सांगितलं तर तिच्या लग्नावर परिणाम होतो. रिपोर्ट खासगीत देणार आणि समुपदेशन कोण करणार, हे प्रोटोकॉलमध्ये लिहा.

पहिल्या नमुन्याआधीचा आठवडा

मंजुरीचं पत्र आलं की लगेच रक्त घ्यायला धावू नका. आधी अवजारं तपासा.

पिपेट: डिस्टिल्ड पाणी आणि चार दशांशांचा तराजू घ्या. १०० मायक्रोलिटर दहा वेळा सोडून वजन करा. पाण्याची घनता २०° सेल्सिअसला ०.९९८ आणि ३०° ला ०.९९६ ग्रॅम प्रति मिली, म्हणजे वजन ९९.६ ते ९९.८ मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवं. सतत ९६-९७ येत असेल तर पिपेट कॅलिब्रेशनला पाठवा. वजनं एकदा वर एकदा खाली जात असतील तर आधी हात आणि टिप बघा. हे दहा आकडे वहीत चिकटवून ठेवा, व्हायवात उपयोगी पडतात.

सेंट्रिफ्यूज: “३००० आरपीएमवर १० मिनिटं” हे अर्धवट वाक्य आहे. रोटरची त्रिज्या सांगितल्याशिवाय त्यातून काही कळत नाही. आरसीएफ (नळीवर येणारा जोर, गुरुत्वाकर्षणाच्या म्हणजे ‘जी’च्या पटीत) = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १० सेंमी असेल तर ३००० आरपीएमला साधारण १००६ जी मिळतो, १६ सेंमी असेल तर १६१०. दहा सेंमीच्या रोटरवर १५०० जी हवा असेल तर ३६६० च्या आसपास फिरवावं लागेल. पट्टी घ्या, मध्यापासून नळीच्या तळापर्यंत मोजा, आणि प्रबंधात जी लिहा.

प्रिसिजन (तेच मोजमाप पुन्हा किती सारखं येतं): एकच कंट्रोल पाच दिवस, रोज पाच वेळा लावा. २५ आकड्यांचा मीन (सरासरी), एसडी (आकडे किती विखुरले) आणि सीव्ही (एसडी मीनच्या किती टक्के) काढा. सीव्ही किट इन्सर्टमधल्या दाव्यापेक्षा बराच जास्त निघाला तर कारण सापडेपर्यंत रुग्णांचे नमुने लावू नका.

तुमची स्वतःची तयारीही याच आठवड्यात. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना असतात. प्रवेश घेतला त्याच महिन्यात सुरू केले तर इथवर पूर्ण होतात. हायपोक्लोराइटचं १ टक्का द्रावण रोज ताजं करा: ५ टक्क्यांचा एक भाग, पाणी चार भाग. उन्हाळ्यात कॅनमधलं क्लोरीन झपाट्यानं उडतं, त्यामुळे जुना कॅन “५ टक्के” म्हणून धरू नका.

नमुना नळीत पडल्यापासून

नागपुरात नमुना-संकलन जुलै ते फेब्रुवारीत बसवता आलं तर बसवा. मे अखेरच्या नवतप्यात ४५ अंशांपुढे पारा जातो तेव्हा गाडीच्या डिक्कीतला थर्मास-बॉक्स वाटेतच गरम होतो. सिताबर्डीच्या सिग्नलला उभी असलेली स्कूटर आणि उन्हात ठेवलेलं रक्त, हे गणित पोटॅशियमच्या रिपोर्टवर लगेच दिसतं. वाहतूक करावीच लागली तर आइस पॅक आणि नळ्या यांच्यामध्ये कापडाचा किंवा थर्माकोलचा थर ठेवा. पूर्ण रक्त थेट बर्फाला लागलं की तांबड्या पेशी फुटतात. बॉक्समध्ये साधा डिजिटल थर्मामीटर टाका, निघताना आणि पोचल्यावर तापमान लिहा.

रक्त घेण्याचा क्रम: ब्लड कल्चर, सायट्रेट, सीरम, हेपॅरिन, ईडीटीए, शेवटी फ्लोराइड. क्रम उलटला आणि ईडीटीएचा अंश सीरमच्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज खोटं घटतं. तिन्ही एकत्र विचित्र दिसले की आधी हाच संशय घ्या. ईडीटीए नळी ८ ते १० वेळा हलकेच उलटी-सुलटी करा, झटकू नका. सीरमची नळी अर्धा तास गोठू द्या. घाईत फिरवली तर वर फायब्रिनचा धागा तरंगतो आणि अॅनलायझरच्या प्रोबमध्ये अडकतो.

ग्लुकोजवर काम असेल तर वेळेचं भान हवंच. न फिरवलेल्या नळीत ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटतं, उन्हाळ्यात त्याहून वेगानं. फ्लोराइड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास लागतात.

साठवणीचं म्हणाल तर, सीरम एका मोठ्या नळीत न ठेवता २००-३०० मायक्रोलिटरच्या छोट्या भागांत वाटा, म्हणजे पुन्हा-पुन्हा वितळवायची वेळ येत नाही. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये बर्फ वितळवण्याचं चक्र चालतं, तिथे महिनोन्महिने नमुने ठेवू नका. डीप फ्रीजरला स्टॅबिलायझर आहे का, रात्री लाइट गेली तर जनरेटरवर तो पॉइंट येतो का, हे इलेक्ट्रिशियनला स्वतः विचारा. साध्या मार्करची अक्षरं स्पिरिटचा एक थेंब लागला की जातात, आणि साधं लेबल थंडीत सुटतं. क्रायो लेबल वापरा, आणि झाकणावरही नंबर टाका. झाकणावरच फक्त नको. झाकणांची अदलाबदल होते.

चाचणी लावताना

सॉल्युबिलिटी रिएजंट स्वतः बनवणार असाल तर १०० मिलीला निर्जल डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट २१.५ ग्रॅम, निर्जल पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १६.९ ग्रॅम, सोडियम डायथायोनाइट ०.५ ग्रॅम, सॅपोनिन ०.१ ग्रॅम. डायपोटॅशियम आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग बाकीचं. बाटलीवर निर्जल लिहिलंय की हायड्रेट, ते वाचा. हायड्रेट असेल तर वजन बदलतं. ४° ला ठेवा आणि सात दिवसांनंतर टाकून द्या (साठवणीचा प्रयोग वेगळा). डायथायोनाइटच्या पावडरीचे गठ्ठे झाले असतील तर ती बाटली गेली.

२ मिली रिएजंट खोलीच्या तापमानाला येऊ द्या. फ्रीजमधून काढून लगेच लावला तर निकाल बिघडतो. त्यात १० मायक्रोलिटर पॅक्ड सेल्स घाला, मिसळा, ५ मिनिटं थांबा. काळ्या रेघा मारलेल्या पांढऱ्या कार्डापुढे अडीच सेंटिमीटरवर नळी धरा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात हरवल्या तर पॉझिटिव्ह. प्रत्येक बॅचला एक एएस आणि एक एए (नॉर्मल) कंट्रोल. एसएस कंट्रोल लावून समाधान मानू नका: खराब होत चाललेलं रिएजंट एसएसला अजून पॉझिटिव्ह दाखवत असतं तेव्हाच एएसला चुकायला लागतं.

पॅक्ड सेल्सऐवजी पूर्ण रक्त वापरलं तर हिमोग्लोबिन ७ ग्रॅमखालच्या रुग्णांत चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेले आणि सहा महिन्यांखालची बाळं वगळा. उलट दिशेने, रक्तात चरबी फार असेल किंवा प्रथिनं वाढलेली असतील तर प्लाझ्मामुळेच गढूळपणा दिसतो. पेशी धुऊन पुन्हा लावा. ही चाचणी एएस आणि एसएस वेगळे करत नाही, हे प्रबंधात एकदा स्पष्ट लिहा.

एचपीएलसीत रोजचा कॅलिब्रेटर आणि दोन पातळ्यांचे कंट्रोल बघितल्याशिवाय रुग्णाचा ग्राफ वाचू नका. टोटल एरिया पुस्तिकेतल्या मर्यादेबाहेर असेल तर नमुना पुन्हा. एस असलेल्या रुग्णात ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) थोडा खोटा वाढलेला दिसतो, तेवढ्यावरून थॅलेसेमिया ठरवू नका. एस-बीटा थॅलेसेमियाची शंका असेल तर एमसीव्ही (तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान) आणि आईवडिलांची तपासणी बघा.

सगळ्यात महत्त्वाचं: सॉल्युबिलिटी वाचणाऱ्याला एचपीएलसीचा निकाल माहीत नसावा. नळ्यांवर फक्त अभ्यास-क्रमांक ठेवा. दोघांनी स्वतंत्र वाचा, दोन्ही उत्तरं लिहा, मग ‘कप्पा’ (दोघांची सहमती मोजणारा आकडा) काढा. आणि रुग्ण जसे येतील तसे सलग घ्या. जुने माहीत असलेले एसएस रुग्ण एका बाजूला आणि बॅचमेटचं निरोगी रक्त दुसऱ्या बाजूला घेतलं, तर कोणतीही चाचणी ९९ टक्के दाखवते.

मास्टर चार्ट

सगळ्या रुग्णांच्या या एकत्र तक्त्यात एका ओळीत एक रुग्ण, एका रकान्यात एकच गोष्ट. “३४/पु” असं वय आणि लिंग एकत्र नको. “१-५” असं काही टाईप केलं तर एक्सेल त्याची १ मे करून टाकतं, म्हणून क्रमांकाचा रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा. माहिती नसेल तर ती जागा रिकामी ठेवा, शून्य टाकू नका. नाव आणि मोबाईल नंबर या फाइलमध्ये अजिबात नको. ते कुलूपबंद वहीत, अभ्यास-क्रमांकासमोर. नमुना बाद केला तर ओळ खोडू नका, शेवटच्या रकान्यात कारण लिहा. “हिमोलाइज्ड”, “गुठळी”, “रक्त चढवलेलं” अशी बाद नमुन्यांची यादी परीक्षकांना आवडते, कारण ती खऱ्या कामाची खूण असते.

दर शनिवारी फाइलची तारीख घातलेली प्रत वेगळ्या जागी ठेवा. पेनड्राइव्ह ही वेगळी जागा धरू नका.

आकडेमोड

समजा एचपीएलसीत ७६ पॉझिटिव्ह आले आणि सॉल्युबिलिटीने त्यातले ७२ पकडले. सेन्सिटिव्हिटी ९४.७ टक्के. एवढ्यावर थांबू नका. विल्सन पद्धतीने ९५ टक्के विश्वास-अंतर ८७.२ ते ९७.९ येतं, तेही लिहा. मग त्या सुटलेल्या चौघांचा छोटा तक्ता करा: वय, हिमोग्लोबिन, एसची टक्केवारी, रिएजंट कितव्या दिवसाचं. चर्चेच्या प्रकरणातली सगळ्यात चांगली दोन पानं याच चार ओळींतून निघतात.

दोन यंत्रांची तुलना करणारे बहुतेक जण कोरिलेशन (दोन आकडे किती बरोबरीने वाढतात-घटतात) काढून मोकळे होतात. समजा एक हिमोग्लोबिनोमीटर प्रत्येकाला बरोबर १ ग्रॅम कमी दाखवतो. आर (कोरिलेशनचा आकडा) येईल १, पी (योगायोगाची शक्यता) येईल ०.००१ पेक्षा कमी, आणि १२.५ हिमोग्लोबिन असलेली बाई ११.५ दाखवून ॲनिमियात जाऊन बसेल. कोरिलेशनला हा फरक दिसतच नाही. इथे ब्लँड-आल्टमन आलेख हवा: आडव्या अक्षावर दोन्हींची सरासरी, उभ्यावर फरक. फरकाची सरासरी आणि ±१.९६ एसडीच्या रेषा काढा, आणि त्या मर्यादा रुग्णाच्या दृष्टीने चालतील का ते शब्दांत लिहा. दोन वाचकांच्या सहमतीला कप्पा, होय-नाही प्रकारच्या दोन चाचण्यांतल्या फरकाला मॅक्निमार ही संख्याशास्त्रीय चाचणी. स्टॅटिस्टिशियनकडे जायचं ते सिनॉप्सिसच्या वेळी. सगळे नमुने संपल्यावर गेलात तर तेही फार काही करू शकत नाहीत.

लिहिताना

साहित्य आणि पद्धती हे प्रकरण काम चालू असतानाच लिहा, किटचं नाव, लॉट नंबर, यंत्राचं मॉडेल समोर असतं तेव्हा. मग निकाल, मग चर्चा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पहिल्या दिवसापासून वापरा. हातानं नंबर घातले आणि मध्ये एक संदर्भ वाढला की पुढचे सगळे सरकतात. निदान-चाचणीचा अभ्यास असेल तर स्टार्ड २०१५ ची तीस मुद्द्यांची यादी, निरीक्षणात्मक असेल तर स्ट्रोबची बावीस मुद्द्यांची यादी शेजारी ठेवून एकेक टिक करा.

साम्य-तपासणीत (मजकूर दुसरीकडून उचलला आहे का, ते बघण्यात) यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द होऊ शकते. संस्थेची स्वतःची मर्यादा याहून कडक असू शकते. शब्द फिरवून देणाऱ्या सॉफ्टवेअरने “सिकलसेल ट्रेट”चं काहीतरी भलतंच करून ठेवलेलं परीक्षक पहिल्या पानावर ओळखतात. परिच्छेद वाचा, मिटवा, आणि स्वतःच्या शब्दांत लिहा.

व्हायवा आणि त्यानंतर

व्हायवाला कच्ची वही, क्यूसीचे (गुणवत्ता-तपासणीचे) चार्ट, एचपीएलसीचे मूळ ग्राफ आणि एथिक्सचं पत्र घेऊन जा. प्रश्न साधारण ठरलेले असतात: नमुन्यांचा आकडा कसा काढला, कंट्रोल कोणता लावला, तो बाहेर गेला तेव्हा काय केलं, अमुक रुग्ण का वगळला. लेव्ही-जेनिंग्स चार्टवर (कंट्रोलच्या रोजच्या आकड्यांच्या आलेखावर) एक कंट्रोल ३ एसडीच्या बाहेर गेला असेल, त्या दिवसाचे निकाल थांबवले आणि कारण शोधून पुन्हा लावले, असं वहीत दिसलं तर तो दिवस तुमच्या बाजूनेच बोलतो. एकही बिंदू २ एसडीबाहेर न गेलेला सहा महिन्यांचा चार्ट बघून मात्र परीक्षक चष्मा पुसतात.

प्रबंध मंजूर झाल्यावरही तीन कामं उरतात. एथिक्स कमिटीला समारोपाचा अहवाल द्या. फ्रीजरमधले उरलेले नमुने प्रोटोकॉलमध्ये लिहिलं होतं तसेच नष्ट करा किंवा जपा. नष्ट करताना आधी ऑटोक्लेव्ह, मग २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिशवीत, सुया आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, आणि तारखेसह नोंद. आणि ज्या रुग्णांचे रिपोर्ट द्यायचे राहिले असतील त्यांना फोन करा, विशेषतः नव्याने एस आढळलेल्यांना. हे काम पुढच्या बॅचवर टाकू नका. त्यांच्याकडे त्या वहीच्या कुलपाची किल्लीही नसेल.